आत्याचं सूप आणि एक रिकामी ओळ

आमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात 'साखर' लिहिलेल्या डब्यातून दोन चमचे चहात घातले, की चहा खारट व्हायचा. घालणाऱ्याची त्यात काही चूक नसे. 'साखर' लिहिलेल्या डब्यात मीठ होतं, 'मीठ' लिहिलेल्या डब्यात मैदा होता, 'मैदा' लिहिलेल्या डब्यात मिरपूड होती, आणि खरी साखर चुलीच्या वरच्या फळीवर, 'उंदरांचं औषध, हात लावू नये' असं लिहिलेल्या डब्यात होती. अक्षर सगळं एकाच हातचं. वळणदार, ठसठशीत, एका काना-मात्रेची चूक नाही आणि एक शब्द खरा नाही. तो हात माझ्या आत्याचा.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची धाकटी बहीण, पण तिला आत्या सगळेच म्हणतात. मालक तिच्याहून चांगले दहा वर्षांनी मोठे, तेही आत्या म्हणतात, आणि तेही आवाज जरा खाली आणून. बुटकी, रुंद, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि रुमालात खोचलेला चवीचा चमचा. सव्वीस वर्षं ती त्या चुलीसमोर उभी आहे. पातेल्यांशी बोलते, त्यांना रागावते, एखादं पातेलं खाली लागलं तर त्याच्याशी दोन दिवस अबोला धरते. माणसांशीही तिचं वागणं साधारण याच पद्धतीचं आहे.

डब्यांची भानगड वीस वर्षांपूर्वीची. तिच्या हाताखाली एक आचारी होता. तो एक दिवस तिची पाककृतींची वही घेऊन पसार झाला आणि समोरच्या कोपऱ्यावर त्याने स्वतःचं हॉटेल थाटलं. त्या दिवसापासून आत्याने वही ठेवली नाही आणि डब्यावर खरं नाव लिहिलं नाही. "येऊ दे आता चोरायला," ती म्हणायची, "मिरपुडीचे केक कर म्हणावं." नवा माणूस लागला की पहिले चार दिवस त्याला काम नसे, नुसतं पाठांतर. साखर म्हणजे मीठ, मीठ म्हणजे मैदा, मैदा म्हणजे मिरपूड. मी शाळेतले पाढे कधीच विसरले, पण हे मला अजून येतं.

आणि मग तिचं सूप. दारावरच्या फळ्यावर 'आजचं सूप' असं लिहिलेलं असतं आणि सव्वीस वर्षं रोज तेच सूप असतं. तपकिरी, दाट, लोण्याने तुकतुकीत. कांदा, गाजर, बटाटा, लोणी, एवढं कुणालाही कळतं. पण घोट उतरल्यावर मागून जिभेवर जे येतं, ते काय आहे हे कुणालाच कळत नसे. मी तिथे वाढायचं काम करते, त्यामुळे गिऱ्हाइकांचे अंदाज आत नेऊन पोचवायचं कामही माझंच. "आत्या, ते खिडकीजवळचे आजोबा म्हणतात जायफळ." "असेल." "ती निळ्या कोटातली बाई म्हणते कॉफी." "असेल." एकदा एका तरुण जोडप्याने निरोप पाठवला की यात प्रेम आहे. आत्या म्हणाली, "ते नाही. त्याला वेळ कुठे असतो?"

ती गुपित वस्तू आत्या घरून आणायची, एका छोट्या स्टीलच्या डबीत. सकाळी बरोबर दहाला ती ओरडायची, "पाठ!" की स्वयंपाकघरातला प्रत्येक माणूस हातातलं टाकून भिंतीकडे तोंड करून उभा. दहापर्यंत मोजायचं. मालक असले तर मालकही भिंतीकडे. अंडी टाकायला येणारा माणूससुद्धा दोन्ही हातांत ट्रे घेऊन मुकाट्याने वळायचा. मागे डबीचं झाकण वाजायचं, पळी फिरायची, आणि आत्या म्हणायची, "हं, बघा आता."

या सगळ्या दरबारात तिला न जुमानणारं एकच माणूस होतं, आणि ते म्हणजे माझी आई.

आई भट्टीकडे असते. पाव, बन, केक, बिस्किटं हे तिचं राज्य. बोलते कमी, पण एकदा नाही म्हणाली की नाही. तिने चोवीस वर्षांत आत्याचं सूप कधी धड खाल्लेलं नव्हतं. नुसतं सूपच नाही, ती हॉटेलात काम करून जेवायला घरून डबा आणायची. जग ज्या सुपासाठी रांग लावतं, त्या सुपाच्या पातेल्यापासून सहा पावलांवर बसून ती आपली कोरडी पोळी खायची. आत्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "वहिनीसाहेबांना आमच्या हातचं चालत नाही," असं ती पातेल्याला ऐकवायची, आणि आई म्हणायची, "वन्सं, मला ते सोसत नाही हो." यापुढे संवाद कधी गेला नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, मी दोघींच्या मधे पडत नाही, मला दोघींकडे जेवायचं असतं.

आणि गंमत अशी की आत्याला जगात दुसऱ्या कुणाचं कौतुक नकोच होतं. वर्तमानपत्रात एकदा सुपाबद्दल दोन ओळी आल्या, ते कात्रण तिने सांडशी गुंडाळायला वापरलं. पण आई पातेल्याजवळून गेली की ती अजूनही झाकण जरा तिरकं करायची, वास त्या बाजूला जावा म्हणून. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. विचारलं तर म्हणाली, "वाफ कोंडते."

तर अशा स्वयंपाकघरात एके दिवशी मालक एक कागद घेऊन आले. नवा नियम. हॉटेलात अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाने अ‍ॅलर्जीचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं. ज्याच्याकडे प्रमाणपत्र नाही, तो चुलीजवळ नाही.

"अ‍ॅलर्जी म्हणजे लाड," आत्या म्हणाली. "आमच्या वेळी होती का कुणाला?"

"असतील की," भांडी घासणारे काका म्हणाले. "पण ते सांगायला राहिले नसतील."

शिकवायला आलेल्या बाई माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठ्या. गोल चष्मा, किरकोळ अंग, आणि पाठीवर एवढी मोठी पिशवी. पिशवीतून जांभळी फळी निघाली, जांभळी सुरी, जांभळा चिमटा, जांभळी पळी. "हा रंग फक्त अ‍ॅलर्जीवाल्या गिऱ्हाइकाच्या ताटासाठी," त्या म्हणाल्या. "याला दुसरं काही लागता कामा नये." आत्याने जांभळी पळी उचलून उलटसुलट पाहिली आणि परत ठेवली. "लहान मुलांची आहे," ती मला म्हणाली.

पहिला प्रश्न बाईंनी काकांना विचारला. "गिऱ्हाइकाला शेंगदाणे चालत नाहीत, आणि ताटात चुकून वरून शेंगदाणे पडलेत. काय कराल?"

"वेचून काढीन."

"आणि मग?"

"आणि मग खाईन. टाकायचे कशाला?"

सगळे खो खो हसले, बाईही हसल्या. मग त्यांनी समजावलं. वेचून चालत नाही, नवं ताट करायचं, कारण मागे राहिलेला कण पुरतो. उकळून चालत नाही. तेच तेल, तीच सुरी, तीच पळी चालत नाही. हाताला नुसतं सॅनिटायझर चोळून चालत नाही, साबण आणि पाणी हवं. आणि माहीत नसेल तर अंदाज सांगायचा नाही, 'विचारून येते' म्हणायचं. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मला एकदम ते जायफळवाले आजोबा आठवले.

"सव्वीस वर्षांत माझ्या हातचं खाऊन कुणी मेलेलं नाही," आत्या म्हणाली.

"मेलं नाही, की तुम्हाला कळलं नाही?" बाईंनी शांतपणे विचारलं.

आत्याला असं कुणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. काका घाईघाईने पाणी प्यायले.

मग बाईंनी पिशवीतून एक छोटा दिवा काढला आणि आम्हाला खिडक्या बंद करायला लावल्या. सकाळी आल्या आल्या त्यांनी सुपाच्या पळीच्या दांड्याला एक पूड लावून ठेवली होती. पूड नुसती दिसत नाही, या दिव्याखाली चमकते. दिवा फिरायला लागला आणि आमच्या किंकाळ्या सुरू झाल्या. मालकांचं नाक चमकत होतं. काकांची मिशी चमकत होती. दाराची कडी, माझी कॉलर, अंडीवाल्याने सही केलेला कागद, सगळं चमकत होतं. आत्याच्या तर कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर दिवाळीची नक्षी उमटली होती, आणि ती बिचारी "मी कशालाच हात लावला नाही" असं म्हणत दोन्ही चमकते हात हवेत उडवत होती. मालक इतके हसले की त्यांना खुर्ची लागली.

एकट्या आईच्या अंगावर कण नव्हता.

"तुम्ही कसं काय जमवलंत?" बाईंनी विचारलं.

"वन्संनी हाताळलेल्या वस्तूला मी हात लावत नाही," आई म्हणाली. हसणं तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना स्वयंपाकघर पाहायचं होतं. दारातच त्या थबकल्या. "अरे वा! प्रत्येक डब्यावर नाव! फार थोड्या ठिकाणी असं दिसतं हं." आम्ही सगळे छताकडे बघायला लागलो. बाईंनी खुशीत स्वतःसाठी कॉफी करून घेतली, 'साखर' घातली, घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा असा झाला की काकांनी हातातला टॉवेल पुढे केला. मग त्यांची नजर चुलीच्या वरच्या फळीवर गेली.

"उंदरांचं औषध? चुलीवर?"

"ती साखर आहे," आत्या म्हणाली.

"साखरेवर उंदरांचं औषध लिहिलंय?"

"उंदीर कुठे वाचतात बाई? माणसं वाचतात."

बाई बटाट्याच्या पोत्यावर बसल्या. बराच वेळ त्यांनी नुसता चष्मा पुसला. मग त्या उठल्या आणि इतक्या थंड आवाजात बोलल्या की मालकांनी हातातली कॉफी बाजूला ठेवली. एक, उद्यापर्यंत प्रत्येक डब्यावर खरं नाव. दोन, प्रत्येक पदार्थाचं एक कार्ड. त्यात काय काय पडतं ते सगळं, शेवटच्या चिमटीपर्यंत, करणाऱ्याच्या सहीनिशी. ती कार्डं भिंतीवर लागतील, म्हणजे वाढणाऱ्यालाही वाचता येतील.

आईने तिची चार कार्डं दहा मिनिटांत लिहून दिली. आत्या सुपाच्या कार्डावर तासभर बसली. कांदा, गाजर, बटाटा, लोणी, मिरपूड, मीठ. सातव्या ओळीवर तिने एक फूल काढलं होतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"फूल."

"सुपात फूल पडतं?"

"सजावट आहे ती."

"आत्या, सातवी वस्तू कोणती?"

"कानात सांगते."

"माझ्या कानात सांगून काय उपयोग? मी उद्या निघून जाणार. तुमच्या वाढणाऱ्या मुलीला ठाऊक हवं, भट्टीवरच्या बाईंना ठाऊक हवं, काकांना हवं."

"मग नाही सांगत."

मालकांनी हात जोडले. आत्या ढिम्म. शेवटी बाईंनी मुदत दिली, उद्या अकरा वाजेपर्यंत. तोपर्यंत ती ओळ भरली नाही, तर सूप बंद, आत्याला प्रमाणपत्र नाही, आणि आत्याची चूल दुसऱ्या कुणाच्या ताब्यात.

संध्याकाळी मी तिला घरापर्यंत सोडायला गेले. दोन गल्ल्यांचं अंतर, पण ती चालता चालता चारदा थांबली. "भिंतीवर कार्ड लागलं की आठ दिवसांत समोरच्याच्या पातेल्यात," ती म्हणाली. "मग माझ्याकडे काय राहिलं गं? ना संसार, ना मूल, ना वही. एवढी एकच गोष्ट माझी आहे."

"पण चूल गेली तर ती एक गोष्ट घालणार कशात?"

"आणि सांगायचं कुणासमोर? तिच्यासमोर? जिने चोवीस वर्षांत एक वाडगाही..." तिने वाक्य सोडून दिलं. डोळे पुसले, आणि पुसताना मी पाहिलं म्हणून मलाच रागावली. मला तिची फार दया आली आणि तिला हलवून जागं करावं असंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

तिसऱ्या दिवशी प्रात्यक्षिक होतं. एकाने गिऱ्हाईक व्हायचं, दुसऱ्याने ऑर्डर घ्यायची. काका गिऱ्हाईक झाले आणि त्यांनी मालकांना इतके फेरे मारायला लावले की मालकांनी दुसऱ्या टेबलाचा शोध सुरू केला. मग बाईंनी यादी पाहून पुढची जोडी वाचली. गिऱ्हाईक, माझी आई. ऑर्डर घेणार, आत्या. खोलीभर एक सुस्कारा उठला. घड्याळात साडेदहा वाजले होते.

आई टेबलाशी जाऊन बसली. आत्या पेन्सिल घेऊन गेली आणि तिच्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघत म्हणाली, "कशाची अ‍ॅलर्जी?"

"असं नाही," बाई म्हणाल्या. "गिऱ्हाइकाकडे बघून."

आत्याने खाली पाहिलं. "आपल्याला," ती दात आवळून म्हणाली, "एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे का, वहिनीसाहेब?"

"आहे वाटतं," आई म्हणाली. "कशाची ते ठाऊक नाही."

हे पाठ करायला दिलेल्या संवादात नव्हतं. बाई पुढे सरकल्या. आई त्यांच्याकडे वळली. "तुम्ही परवा सांगितलंत ना, ओठ झिणझिणतात, घसा खाजतो, अंगावर पित्त उठतं, ते ऐकल्यापासून मला झोप नाही. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्संनी इथून माझ्यासाठी सूप आणलं होतं. दोन चमचे घेतले आणि ओठ सुजले. नवं घर. काय सांगणार? वाडगा तसाच ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, पित्त आहे, थंड दूध घे."

"पुन्हा कधी झालं?"

"ही पोटात होती तेव्हा एकदा. वाटलं, वन्संना वाईट वाटतं, एक घोट घेऊन बघू. पुन्हा तेच. आणि मागच्या वर्षी इथेच, हॉटेलला पंचवीस वर्षं झाली त्या जेवणात. मालकांनी आग्रह केला. त्या वेळी श्वासच अडकला. पंधरा-वीस मिनिटं मागच्या पायरीवर बसून होते. वाटलं, संपलं आता."

"कुणाला सांगितलं नाहीत?" बाईंचा आवाज चिरकला.

"काय सांगू? वन्संच्या हातचं खाल्लं की मी मरायला टेकते, असं? मला वाटायचं मीच नाजूक आहे."

सगळे आईकडे बघत होते. मी आत्याकडे बघत होते, कारण त्या खोलीत एकट्या तिलाच ठाऊक होतं की सातव्या ओळीवर काय आहे. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत उतरत पार गेला. ओठ हलत होते. ती बोटांवर मोजत होती. एक, दोन, तीन.

"मागच्या पायरीवर?" ती म्हणाली. "तू तिथे पायरीवर होतीस, आणि मी आत मालकांना सांगत होते, बघा, अर्धा वाडगा टाकून गेली, मिजास बघा म्हणून."

"वन्सं, मी..."

"अक्रोड," आत्या म्हणाली.

"काय?" बाईंनी विचारलं.

"अक्रोड!" आत्या ओरडली. "भाजलेला अक्रोड! बारीक दळून, पातेल्याला दोन मुठी! अक्रोड आहे त्यात!" खिडकी उघडी होती. समोरच्या कोपऱ्यावर तो वही पळवणारा आचारी दारात उभा होता, तो जागच्या जागी गोठला. वीस वर्षं त्याने ज्यासाठी जीव टाकला, ते त्याला रस्त्यापलीकडून फुकट ऐकायला मिळालं.

"पण मी जन्मात अक्रोड खाल्लेला नाही," आई म्हणाली. "आमच्याकडे कधी आणलेच नाहीत."

"खाल्लेस! तीनदा! माझ्या हातून!" आणि एकदा तोंड उघडलं म्हटल्यावर आत्याला ते मिटेना. "स्ट्यूमध्ये लिंबाची साल आहे! सॉसमध्ये करपवलेली साखर! सॅलडला मोहरी लावते मी, मोहरी, आणि सगळे म्हणतात आलं! कोंबडीला आदल्या दिवशी दही चोळते!" ती स्वयंपाकघरात धावली, फळीवरचे डबे ओढून काढू लागली, एकेक चिठ्ठी टरकावत ओरडू लागली, "हे मीठ! हा मैदा! ही साखर, माझं कर्म, ही साखर!" बाई मागे धावत लिहून घेत होत्या. त्यांचा कागद संपला, तेव्हा मी बाहेरचा 'आजचं सूप'चा फळा उचलून आणला आणि त्यावर लिहायला लागले. काका हसत होते का रडत होते कळेना. मालक म्हणत होते, "मोहरी? सव्वीस वर्षं मोहरी?" मला तर आनंदाने नाचावंसं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी थोडी नाचलेही.

शेवटी आत्याने एप्रनच्या खिशातली ती स्टीलची डबी काढली, उघडली, सगळ्यांना दाखवली, आणि ती टेबलावर आपटून दोन्ही हात पसरून आईकडे झेपावली.

"थांबा!"

सगळे एकदम ओरडले. काका, मालक, मी, सगळे. आत्याच्या हातांवर, एप्रनवर, हनुवटीवर अक्रोडाची पूड होती. ती आईपासून दोन हातांवर, हात तसेच पसरून, खांबासारखी उभी राहिली.

"साबण," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "साबण आणि पाणी."

आत्याने हात धुतले. कोपरांपर्यंत धुतले. तोंड धुतलं, मान धुतली, रुमाल बदलला, एप्रन बदलला, तो कोरा एप्रन चुकून अक्रोडाच्या टेबलाला लागला म्हणून तिसरा चढवला. सगळी मंडळी रांगेने बघत उभी होती आणि आई एवढा वेळ त्याच खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून, शहाण्या गिऱ्हाइकासारखी बसून होती. मग आत्या आली आणि तिने आईला मिठी मारली. मी जन्मात पाहिलेली ही त्यांची पहिली मिठी, आणि ती कशी मारतात ते दोघींनाही फारसं ठाऊक नव्हतं.

अकराला पाच कमी असताना सातवी ओळ भरली. आत्याला प्रमाणपत्र मिळालं.

बाईंनी जाताना बजावलं होतं की खाऊन तपासायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. डॉक्टरांच्या तपासणीत आईला अक्रोडाची अ‍ॅलर्जी निघाली, तीही साधीसुधी नाही. त्यांनी बरोबर बाळगायला इंजेक्शन दिलं आणि ते मांडीत कसं टोचायचं, टोचून लगेच रुग्णवाहिका कशी बोलवायची, हे शिकवलं. शिकायला आत्याच पुढे होती. पुढचा आठवडा ती रोज घरातल्या उशीला सरावाचं इंजेक्शन टोचत होती.

इकडे हॉटेलात डब्यांवर खरी नावं आली आणि आमचे हाल सुरू झाले. हात जुन्या पाठांतरानेच जायचे. चार दिवस गिऱ्हाइकांनी काय खाल्लं ते देव जाणे. पाचव्या दिवशी समोरच्या आचाऱ्याने दारावर 'नवं खास सूप' अशी पाटी लावली. आत्या तरातरा रस्ता ओलांडून गेली. आम्हाला वाटलं, आज खून पडतो. तिने त्याची कॉलर धरली आणि म्हणाली, "अक्रोड घातलायस ना? मग पाटीवर लिही! मोठ्या अक्षरात लिही! आणि साबण कुठाय तुझ्याकडे?" त्याला बाईंचा पत्ता देऊन ती परत आली. त्याने निमूटपणे लिहिलं.

आमच्या स्वयंपाकघरात मात्र अक्रोड पुन्हा आला नाही. वहिनी जिथे दिवसाचे आठ तास श्वास घेते तिथे ती वस्तू नको, असं आत्या म्हणाली. मालकांनी एकदा भीत भीत गिऱ्हाइकांची आठवण करून दिली, तर तिने त्यांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. ज्या एका गोष्टीवर ती सव्वीस वर्षं जगली, ती तिने स्वतःच्या हाताने काढून टाकली आणि नव्याने शोधायला लागली. भाजलेली भोपळ्याची बी तिला अकराव्या दिवशी सापडली. ती आईला चालते का, हे आधी डॉक्टरांना फोन करून विचारलं.

बाराव्या दिवशी दुपारी, गर्दी ओसरल्यावर, आत्याने नवं पातेलं चढवलं. जांभळी पळी, जांभळी फळी, धुतलेले हात. सूप झालं तसं तिने वाडगा भरला आणि आईच्या टेबलाशी नेला. आईने डबा उघडला होता, तो बंद केला.

"आपल्याला एखाद्या पदार्थाची अ‍ॅलर्जी आहे का?" आत्याने विचारलं. या वेळी तिने आईच्या डोळ्यांत बघून विचारलं.

"अक्रोडाची आहे."

"यात कांदा, गाजर, बटाटा, लोणी, मिरपूड, मीठ आणि भोपळ्याच्या बिया आहेत. अक्रोड नाही. मी स्वतः केलंय."

आईने एक चमचा घेतला. आत्याने एका हातात इंजेक्शन धरलं होतं, दुसऱ्या हातात घड्याळ, आणि ती आईच्या ओठांकडे बघत होती. आम्ही सगळे आईच्या ओठांकडे बघत होतो. एक मिनिट झालं. पाच मिनिटं झाली. काका भांडी घासायची थांबले. आईने दुसरा चमचा घेतला, तिसरा घेतला. पंधरा मिनिटं झाली. तिच्या ओठांना काहीही झालं नाही.

"कसं झालंय?" आत्याने विचारलं. तिचा आवाज एवढासा झाला होता.

आईने विचार केला. ती खोटं बोलत नाही, कुणासाठीच नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "मीठ थोडं कमी आहे."

आत्याने खाली बसकण मारली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली, आणि इंजेक्शन अजून हातातच होतं म्हणून मी ते आधी काढून घेतलं. "मीठ कमी आहे!" ती ओरडून सगळ्यांना सांगत होती. "ऐकलंत का? वहिनी म्हणते मीठ कमी आहे!"

"आणा ना मग," आई म्हणाली. "सूप गार होतंय."